बारीक अक्षरं

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

चष्मेवाल्याच्या काचेच्या दारावर चिकटवायच्या अक्षरांची तिसरी शीट कापत होतो. मशीनवर एक हात ठेवून. हात ठेवला की ती नीट चालेल असं उगाच वाटतं.

पुन्हा फाटलं!

मोठं नाव छान येतं. वीतभर उंचीची अक्षरं, कडा बघत राहावं अशा. पण त्याखाली पाच मिलिमीटरच्या नऊ ओळी आहेत. वेळ, तपासणीची फी, कुठल्या काचा मिळतात, सगळं. तिथे ब्लेड कोपऱ्यावर वळताना विनायल, म्हणजे चिकट प्लॅस्टिकचा कागद, कापत नाही, ओढतं. मग सोलताना, म्हणजे अक्षरांच्या आजूबाजूचं नको असलेलं विनायल चिमट्याने उचलून काढताना, अक्षरही त्याच्यासोबत उठतं. टिंबं तर सगळ्यात आधी. 'चष्म्यांची'मधलं टिंब तीनदा गेलं. टिंब गेलं की मला स्वस्थ बसवत नाही. माझी शाळा नववीत सुटली, पण चुकीचं लिहिलेलं काही मी आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही.

चष्मेवाला ऑर्डर देताना म्हणाला होता, "अक्षरं बारीकच ठेव बाबा. वाचता आली नाहीत की गिऱ्हाईक आपोआप आत येईल!" दादा खूप हसला. मी पण हसलो. आता हसू येत नाही. पंधरा तारखेला त्याचं दुकान उघडणार.

सोलायचं काम वहिनींचं. दादाची मुलगी शाळेत जायला लागली तशा त्या दुकानात यायला लागल्या. दादा त्यांना दिवसाचा रोज देतो, इतर कुणाला देईल तसा, संध्याकाळी हातात. पहिल्या दिवशी त्यांनी ते पैसे दोनदा मोजले होते. त्या चिमटा वापरत नाहीत, शिवणाची सुई वापरतात. मानेला रग लागेपर्यंत वाकून बसतात आणि तोंडाने सारखं काहीतरी चालू. आज म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं टिंब पळालं. केरात सापडलं तर आणून देते."

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या तेव्हा मी स्वतः एक ओळ सोलून पाहिली. अगदी सावकाश. तीन टिंबं गेली आणि एक वेलांटी.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

स्पीड कमी केला. निम्म्यावर आणला. मशीन म्हातारीसारखी चालली आणि म्हातारीसारखीच अडखळली. प्रेशर कमी केलं तर कापलंच नाही. वाढवलं तर मागचा कागदही कापला गेला. नवा रोल लावला. विनायल गार पडलं असेल म्हणून अर्धा तास उन्हात ठेवलं. काही फरक नाही.

ब्लेड काढून बघितलं नाही. दोन महिन्यांपूर्वीच बदललं आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं.

पाच वाजता दादा आला. वहिनी मागच्या मोरीत हात धूत होत्या. दादाने टोपलीतला गोळा बघितला. फाटलेलं विनायल, नारळाएवढा गोळा.

"एवढं वाया? काय चाललंय काय?"

मी म्हणालो, "मशीन ठीक आहे. वहिनी जरा जोरात ओढतात."

तोंडातून गेलं. हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण गेल्यावर परत घेतलंही नाही. दादा "हं" म्हणाला. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, तेव्हा तो त्यांच्या बोटांकडे बघत होता. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

मला माहीत होतं. कालच माझ्या हातून तीन टिंबं गेली होती. सावकाश सोलूनही. सगळं माहीत असून बोललो!

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

वहिनी आज दुकानात आल्या नाहीत.

रात्री.

जेवताना कळलं. दादानेच विषय काढला, सकाळी वहिनींना सांगितलं होतं तेच पुन्हा म्हणाला. "तुला बारीक काम झेपत नाही, घरी बस थोडे दिवस. मोठी ऑर्डर आली की ये." आई म्हणाली, "बरं झालं, घरात काय कमी कामं आहेत?" वहिनी म्हणाल्या, "मला वाटलंच माझं काहीतरी चुकतंय." आणि मला वाढायला आल्या. मी "नको, पोट भरलं" म्हणालो. भरलं नव्हतं.

त्यांनी एकदा जरी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

आता सोलायला मीच. वहिनींच्या स्टुलावर बसत नाही, उभ्यानेच करतो. काल पाच शीट वाया, आज चार. दादा टोपली बघतो आणि काही बोलत नाही. परवापर्यंत पावलापावलाला ओरडणारा माणूस! आता सोलतो मी, फाटतं माझ्या हातात, हे त्याला दिसत नसेल का? त्याने विचारावं असं वाटतं. तो विचारत नाही म्हणून मीही सुटतो. असं रोज थोडं थोडं सुटायचं. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

वहिनींची सुई टेबलाच्या कडेला टोचलेली आहे. काढून ठेवायला हवी. हात लागत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर.

दाराचं माप पुन्हा घ्यायला चष्मेवाल्याकडे गेलो. सुतार एकीकडे कपाटं ठोकत होता. चष्मेवाल्याने मला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, कारण दुसरी खुर्चीच नव्हती.

म्हणाला, "तुझी वहिनी येऊन गेली शनिवारी."

"इथे?"

"दुकान उघडायच्या आधीच पहिलं गिऱ्हाईक! म्हणाली, डोळे तपासा, बारीक काम चुकतंय. तपासले. घारीची नजर आहे रे! शेवटची ओळ तर वाचलीच, खाली छापखान्याचं नाव असतं तेही वाचलं. मी म्हटलं, बाई, तुम्हाला चष्मा विकायचा म्हणजे मलाच पाप लागेल."

तो हसत होता. मग सहज म्हणाला, "मग विचारत होती, डोळे चांगले असले तर दोष हातात असतो का? हात कापायला लागला तर कुठल्या डॉक्टरला दाखवायचं? मी म्हटलं, हात पुढे करा. बोटावर कागद ठेवला. कागद हलला नाही."

मी माप दोनदा चुकीचं लिहिलं. टेपवर आकडा स्पष्ट दिसत होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

सकाळी वहिनी चहा गाळत होत्या. दोन्ही हातांनी पातेलं धरून! आठ वर्षं झाली त्या घरात येऊन, एका हाताने गाळतात, दुसऱ्या हाताने पोरीची वेणी. आज दोन्ही हातांनी, जपून, ओठ घट्ट मिटून. कपात ओतून झाल्यावर त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला. परक्याचा असावा तसा.

मी हे केलं.

चहा घेतला नाही. उशीर झाला म्हणालो. दुकानात जाऊन कुलूप उघडून पंधरा मिनिटं नुसता बसलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

आज शेवटी ब्लेड काढलं. आठ दिवस सगळं फिरवून बघितलं, पण हे नाही. का, ते आता कळतंय. त्यात दोष निघाला तर मी खोटा ठरणार होतो.

नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही. कापसात गुंडाळून सुट्या भागांच्या दुकानात नेलं. तिथले काका डोळ्याला भिंग लावूनच बसतात, त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. त्यांनी ब्लेड उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुलाला उपाशी शाळेत पाठवलंय.

"पाडलंस कुठे हे?"

"पाडलं नाही. झिजलं असेल."

"झिजलं की टोक गोल होतं. ह्याचं टोक उडालंय, बघ." भिंग माझ्याकडे दिलं. खरंच. टोकाला तिरका टवका, दात पडल्यासारखा. "मोठ्या अक्षरात चालून जातं, लांब रेघ असते. बारीक अक्षरात पावलोपावली वळण. वळताना हा टवका अडकतो नि फाडतो. वरून सोन्याची बोटं आणून लाव, फाटणारच. साडेचारशे दे."

सोन्याची बोटं!

साडेचारशे माझ्या पाकिटातून दिले. दुकानाच्या गल्ल्यातून घ्यायला नको वाटलं.

नवीन ब्लेड बसवलं. पहिली शीट. सोलताना श्वास धरला होता. सगळी टिंबं जागेवर! नऊच्या नऊ ओळी. 'चष्म्यांची' असं उभं राहिलं की छापल्यासारखं. गेल्या आठवड्यात ह्या क्षणी मी नाचलो असतो. आज शीट टेबलावर पालथी घातली.

मग विचार आला, पाडलं कुणी? मी नाही. रोज संध्याकाळी मशीन पुसतात त्या वहिनी. त्यांच्याकडूनच पडलं असेल की! लगेच छातीवरचं ओझं हलकं झालं. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, मी पुन्हा त्याच रस्त्याने निघालो होतो. तितक्याच सहज.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

सांगितलं!

सकाळी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी उगाच बादली धरली. त्या म्हणाल्या, "काय भाऊजी, आज सूर्य कुठे उगवला?" मी एका दमात बोललो. दोष ब्लेडचा होता, तुमचा हात चांगला आहे, मीच दादाला म्हणालो की तुम्ही ओढता, आणि म्हणालो तेव्हा मला माहीत होतं की तसं नाही.

त्यांनी हातातला सदरा झटकून दोरीवर टाकला. चिमटा लावला. दुसरा चिमटा लावला.

"मला वाटायचं, मला काहीतरी रोग झाला."

मी बादली खाली ठेवली.

"रात्री उठून बघायचे हो मी. दिव्याखाली हात धरून. हलतो का, हलतो का." मग एकदम, "पोरीला नखं कापून देत नव्हते. भीती वाटायची, लागेल म्हणून."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी ठेवा तुमच्याकडे. मला घरी कुणी बसवलं? ह्यांनी. त्यांना सांगा. जे मला बोललात तेच, तसंच. मधलं गाळू नका."

दुपारी दादाला सांगितलं. मधलं गाळलं नाही. 'माहीत होतं' हेसुद्धा सांगितलं. कानाखाली बसेल म्हणून चष्मा काढून ठेवला होता. दादा रोल मोजत होता. मोजतच राहिला.

"बरं," म्हणाला. "उद्या ये म्हणावं तिला."

एवढंच! शिवी नाही, काही नाही. मला शिवी हवी होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

वहिनी आल्या. नव्याने कापलेली सगळी शीट त्यांनीच सोलली, सुईने, न थांबता. आम्ही तिघांनी मिळून चष्मेवाल्याच्या काचेवर लावली. एक टिंब हललं नाही.

परत आल्यावर त्यांनी जुनं ब्लेड मागितलं. कापसातून काढून तळहातावर घेतलं. "ह्याच्यापायी! टोक उडालं कसं पण? पडल्याशिवाय उडत नाही म्हणता. भाऊजी, तुमच्याकडून पडलं?"

"नाही."

"माझ्याकडून तर नाही. मी ब्लेडच्या होल्डरला हातच लावत नाही, वरून पुसते."

दुकानात आम्ही तिघंच. दादा काचेबाहेर रस्त्याकडे बघत होता. मग तोंड न वळवता म्हणाला, "सोमवारी. तीन तारखेला. साफ करताना हातातून फरशीवर पडलं. बघितलं, ठीक वाटलं, परत लावलं." बोटाने काच पुसली. "हा तुझं नाव बोलला, तर मला बरंच झालं."

वहिनींनी ब्लेड टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "आठ दिवसांचा माझा रोज काढून ठेवा. दोघांनी. आत्ता."

खर्च: ब्लेड, साडेचारशे. दादाने त्यातले सव्वादोनशे मला परत दिले, मी घेतले.
देणं: वहिनींचा आठ दिवसांचा रोज. चार दादाचे, चार माझे. त्यांनी पैसे दोनदा मोजले.
बाकीचं देणं कशाने फेडायचं, ते दोघांनाही माहीत नाही.