रोह्याला लागतो

पेण,
सोमवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

तीर्थरूप रघूमामांना त्यांच्या (अजूनही असेन तर) लाडक्या भाचीचा, म्हणजे तनयाचा, वाकून नमस्कार. मामीलाही सांगावा.

आम्ही सगळी इथे ठीक. तुमचा उजवा गुडघा, मामीचं बीपी आणि परसातली ती रुसलेली लिंबोणी, तिघांचीही तब्येत सुधारली असेल अशी आशा करते. पेणहून रोह्याला गाडीत बसलं की शेंगदाण्याची पुडी संपेपर्यंत पोचता येतं, मग ही पत्र का लिहितेय, असं तुमच्या मनात आलं असेल. कारण तुम्हाला माहीत आहे. मागच्या रविवारी तुम्ही "या घरात परत कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही" असं म्हणून मला दारापर्यंत सोडलंत (चपला तुम्हीच पायापाशी सरकवून दिल्यात, तो तुमचा चांगुलपणा), आणि तेव्हापासून माझा फोन वाजला की तुम्ही आंघोळीला जाता. मामी म्हणते, हल्ली तुम्ही दिवसातून चारदा आंघोळ करता. पत्र मात्र तुम्ही वाचल्यावाचून ठेवणार नाही. लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचता.

तर रविवारी मला बोलूच दिलं नाहीत, ते आता सगळं बैजवार सांगते. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते हे तुम्हाला ठाऊक आहे (खाली गणपतींचा कारखाना, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर बारा महिने प्लास्टरची पांढरी धूळ, परवा पुण्याच्या साहेबांनी व्हिडिओवर विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का). पण ते पोटाचं काम. हौसेचं काम वेगळं. तुम्ही एके काळी जी फुकटची, सगळ्यांसाठी खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम धाटावच्या कंपनीत बसवली होतीत, तिच्या कर्नलची माहिती नीट लिहिणाऱ्या मंडळींत मी आहे. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी तळाचा प्रोग्रॅम, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र मामीही वाचणार, म्हणून तिच्यासाठी सांगते. मामी, त्यात हजारो बटणं असतात. त्यांना आम्ही पर्याय म्हणतो. प्रत्येक पर्यायाखाली दोन-चार ओळी असाव्या लागतात: हा कशासाठी आहे, कुणी चालू करावा, कुणी करू नये. चालू म्हणजे वाय, बंद म्हणजे एन. या ओळी ज्यांनी लिहायच्या ते प्रोग्रॅमर लोक त्या लिहिताना इतके कंजूष होतात की वाचणाऱ्याला कळतं एवढंच, की लिहिणाऱ्याला कळलेलं आहे. आम्ही त्या ओळी माणसांसाठी पुन्हा लिहितो. (आईला वाटतं मी तिकडे कुणाची तरी शिकवणी घेते. मी तिला तसंच वाटू दिलं आहे.)

आमच्या या गटाच्या प्रमुख मार्ता म्हणून ब्राझीलच्या बाई आहेत. स्वभावाने गोड, पण कामात आपल्या जुन्या हेडमास्तरांसारख्या. त्यांनी फर्मान काढलं, की ज्या पर्यायाखाली धड माहिती नाही, तो पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायचा. माझ्या वाट्याला सिरियल पोर्टचे, म्हणजे जुनी यंत्रं कॉम्प्युटरला जोडायच्या खाचेचे, जुने पर्याय आले. एकेक वाचत खाली जात होते, आणि एका पर्यायाखाली इंग्रजीत फक्त एवढंच लिहिलेलं दिसलं: "रोह्याला लागतो. वाय म्हणा." लिहिणाऱ्याचं नाव, रघुनाथ टिपणीस.

मामा, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. जगभरच्या लाखो कॉम्प्युटरांत माझ्या मामाचं नाव, आणि त्याखाली आपलं रोहं! आनंदाच्या भरात मी लगेच सगळ्यांना विचारलं, की हा पर्याय काय करतो, कुणाला कल्पना आहे का. तिथेच चुकलं. तिकडे वीस वर्षं या एका शब्दावर मौन होतं, ते सुटलं. एक जर्मन गृहस्थ म्हणाले, रोहा ही बंद पडलेली चिप आहे, त्यांनी ती तरुणपणी पाहिलेली आहे. दुसऱ्यांनी रोहा ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत असं सिद्ध केलं, आणि तिसऱ्यांनी त्या चार शब्दांतले दोन चुकीचे आहेत असं. मी नकाशा पाठवला. नागोठणे, निडी आणि त्याच्यापुढे रोहं, असं बोट ठेवून दाखवलं. त्यावर कोरियाच्या एका मुलाने अत्यंत नम्रपणे विचारलं, की तो रोह्यात राहत नाही, तर त्याने वाय म्हटलं हे कायद्याने चालेल ना. आणि एकाने मी पेणची आहे हे वाचून पेणसाठी वेगळा पर्याय हवा आहे का अशी चौकशी केली. शेवटी मार्ताबाई म्हणाल्या, लिहिणारा तुझा सख्खा मामा आहे, मग त्यालाच विचार. सोपं आहे.

सोपं! फोनवर तुम्ही म्हणालात, "लागतो म्हणजे लागतो." मी म्हटलं, कशाला लागतो? तुम्ही म्हणालात, आवाज येत नाही. मग मी आले. त्या रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत तुम्ही मला गच्ची दाखवलीत, नवी पाण्याची टाकी दाखवलीत (आत टॉर्च मारून), कुंडलिकेला पूर्वी किती पाणी असायचं ते सांगितलंत, वालाच्या बिरड्याची तिसरी वाटी माझ्या पानात उलटी केलीत. आणि मी तोंड उघडलं की ताक वाढलंत. आमसुलाच्या सारापाशी मी न राहवून विचारलंच, आणि तुम्ही ताटावरून उठलात. "मी लिहून ठेवलंय, ते तुला पुरत नाही? माझ्यावर विश्वास नाही तुझा?" तुमचा आवाज चढला होता. मला वाटलं, मी फारच उद्धटपणे विचारलं. रडू आलं, पण निडी येईपर्यंत दाबून धरलं.

मामा, पुढचं वाचून मामीवर रागावू नका. मी बाहेर पडले तेव्हा ती फाटकापर्यंत आली होती, माझ्या पिशवीत कडव्या वालांची पुडी सारायचं निमित्त करून. हळूच म्हणाली, "अगं, त्यांना आठवत नाहीये. तुझा फोन आल्यापासून माळ्यावरच्या सगळ्या फायली खाली काढल्यात. मला म्हणाले, वृंदा, अक्षर माझं आहे, नाव माझं आहे, पण आतलं काहीच माझं वाटत नाही." ज्या माणसाला नात्यातल्या प्रत्येकाची जन्मतारीख पाठ, त्याला स्वतःचंच लिहिलेलं आठवू नये, आणि ते भाचीपुढे कबूल करावं लागावं, हे मला सुचायला हवं होतं. मी नुसती टाकीत टॉर्च मारून बघत राहिले.

तेव्हा ठरवलं, की तुम्हाला विचारायचं नाही आणि तुमचं नावही पुसू द्यायचं नाही. मामीनेच जाता जाता म्हटलं होतं, की तुम्ही बसवून दिलेला एक कॉम्प्युटर नागोठण्याच्या रस्त्यावर हरेश घरतांच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर अजून चालतो. गुरुवारी रजा टाकून तिथे गेले. विचार साधा होता: तोच कर्नल, पण तुमचा पर्याय बंद करून बनवलेला, पेनड्राइव्हवर न्यायचा, चालवायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. हरेशदादा आधी कां-कूं करत होते, पण टिपणीस साहेबांची भाची म्हटल्यावर त्यांनी खुर्चीच पुसून दिली. प्रतिक्षावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा ठेवला. मी नवा कर्नल चढवला, आणि चाचणी म्हणून स्वतः काट्यावर जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर शून्य. (मी मनातून खूष झाले, हे कबूल करते.) पुन्हा आकडा मागितला, साठ किलो. (काटा दहा-दहा किलोंनीच मोजतो, खरं वजन बरंच कमी आहे.) मी उतरले, आणि विटांनी भरलेला ट्रक काट्यावर चढला.

ट्रकचं वजन साठ किलो.

हरेशदादांनी चष्मा पुसला. पावती छापली, तीही साठ किलोची. मागून भाजीचा रिकामा टेम्पो आला, त्याचं वजन विटांच्या ट्रकाएवढं. टेम्पोवाला खाली उतरून स्वतःच्या टेम्पोकडे असा बघत राहिला, जणू घरच्यांनी न सांगता आत काहीतरी भरलंय. त्याच्यामागे खडीचा डंपर, तो रिकाम्या टेम्पोएवढा. तोवर रांग वडाच्या झाडापर्यंत गेली होती, हॉर्न वाजत होते, आणि विटांचा ड्रायव्हर माझ्या वजनाची पावती हातात धरून सगळ्यांना दाखवत होता. "ताई, ह्यो काय करून ठेवलास गो?" हरेशदादा म्हणाले. "माझा काटा कधी खोटा बोलला नाय!" मी जुना कर्नल परत चढवायला गेले, तर ते कीबोर्डपुढे आडवे झाले. "नाय नाय, आता हात लावायचा नाय. साहेबांनाच फोन लावतंय."

त्यांनी फोन लावला आणि घाबरून माझ्याच हातात दिला. त्यांचा नंबर म्हटल्यावर तुम्ही पहिल्या रिंगला उचललात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मामीला माहीत नाही, म्हणून लिहिते.

"बोल हरेश."

"काटा बिघडलाय. विटांचा ट्रक साठ किलो दाखवतोय," मी म्हटलं.

"कोण, प्रतिक्षा का? ट्रकच्या आधी काट्यावर काय होतं?"

"मी."

"मग ते तुझंच वजन आहे! अगं, मागचा आकडा येतोय तो. काटा जुना आहे ना, नवीन विचारलं की आधी मागचंच सांगून टाकतो. पहिला आकडा फेकून द्यायचा, क्षणभर थांबायचं, मग दुसरा घ्यायचा. तेवढ्यासाठीच तर मी..." आणि तुम्ही थांबलात. मग हळू, पण अगदी तरुण आवाजात म्हणालात, "धाटावच्या गेटवर. जमादाराची सायकल काट्यावर ठेवलेली असायची. भरलेला टँकर सायकलीएवढा निघाला, आणि ड्रायव्हर बिचारा दिवसभर उन्हात बसला, कारण साहेब म्हणे टँकर रिकामा आहे." आणि मग तुम्ही सुटलात, मामा. तो प्रोग्रॅम कसा लिहिलात, परदेशी माणसाला तो पाठवताना इंग्रजीची किती भीती वाटली, त्याने खाली माहिती लिही म्हटल्यावर काय लिहावं ते सुचेना. "मला वाटलं, असला काटा आपल्याच गेटवर असणार. दुसऱ्या कुणाला कशाला लागेल? म्हणून जे खरं ते लिहिलं."

रांगेतले लोक हॉर्न वाजवायचे थांबले होते. मी फोन स्पीकरवर टाकला होता. मी विसरून म्हटलं, "म्हणजे कर्नल सिरियल पोर्टवरचा पहिला आकडा वाचून टाकून देतो?"

"प्रतिक्षा, तुला कर्नल कुठून ठाऊक?"

"मामा, मी तनया."

तुम्ही "जेवलीस का?" असं विचारलंत आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवलात.

जेवले होते, मामा. प्रतिक्षावहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली, हरेशदादांनी जुना कर्नल चढवू दिला, आणि सगळ्या गाड्यांचं वजन फिरून झालं. विटांच्या ड्रायव्हरने मात्र साठ किलोची पावती परत दिली नाही. आरशाला लावणार म्हणाला.

काल आमच्याकडे नवी माहिती स्वीकारली गेली. ती अशी: "काही जुने वजनकाटे नवी मोजणी मागितली की आधी मागचाच आकडा पाठवतात. हा पर्याय चालू असल्यास तो आकडा टाकून दिला जातो, आणि क्षणभर थांबून पुढचा घेतला जातो. असा काटा जोडलेला नसेल तर एन म्हणा. प्रथम वापर: धाटाव, रोहा. माहिती: रघुनाथ टिपणीस." त्याखाली तीन उत्तरं आली. एक नॉर्वेच्या मासळी बंदरावरून, एक केनियाच्या चहाच्या गोदामातून. त्यांचे काटे इतकी वर्षं बिनचूक चालत होते, आणि का ते त्यांना कालच कळलं. तिसरं त्या जर्मन गृहस्थांचं. ते अजूनही चिपच म्हणतात.

गुडघ्याला तेल लावत जा. राग असेल तर असू द्या, पण आंघोळी कमी करा. थंडी पडू लागली आहे.

तुमची
तनया

ता. क. कालच त्याच फायलीत, थोडं खाली, तुमचा दुसरा एक पर्याय सापडला. त्याखाली लिहिलं आहे, "हा रोह्याला लागत नाही." याबद्दल मी काहीही विचारत नाही. सवडीने आठवा.

ता. क. २ मार्ताबाई जानेवारीत बंगळुरूला एका परिषदेसाठी येत आहेत. तिथून त्यांना ताजमहाल वगैरे काही बघायचं नाही. रोहं बघायचं आहे. हॉटेल बघू का म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्या मामांच्या घरी चालणार नाही का? मी हो म्हणून बसले. चार दिवस राहतील. त्या मासे खात नाहीत, मांजरांना घाबरतात आणि सकाळी उठून गाणं म्हणतात.

ता. क. ३ मार्ताबाई येणार हे मामीला मी शनिवारीच सांगितलं. तिने पाहुण्यांची गादी उन्हात घातली, आणि शेजारच्यांनी आठ दिवस तुमचं मांजर ठेवून घ्यायचं कबूलही केलं आहे. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, आणि ते कुणी सांगायचं यावर आमच्यात चिठ्ठ्या पडल्या.