आधी मोडलं, मग पडले

प्रिय जेरुबेत,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट उलटी लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की धरणाकडच्या उतारावर मी पडले आणि माझा खुबा मोडला. तसं झालं नव्हतं. खुबा आधी मोडला आणि म्हणून मी पडले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून, बोट ठेवून दाखवलं होतं. "ही चीर त्या दिवशीची नाही," त्या म्हणाल्या, "निदान पाच-सहा आठवडे तू हिच्यावर धावत होतीस. त्या दिवशी ती फक्त आरपार गेली." हे मला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे तुला पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं, तरी मी 'पडले' असंच लिहिलं. पडले म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. त्याच पत्रात मी रुग्णालयात चौदा दिवस होते असंही लिहिलं आहे. ते नऊ होते. पण ती खरोखरीची चूक होती. पहिली तशी नव्हती.

काल तापरांदिच मावशी कॅम्पवरून दुधाचे रिकामे कॅन घेऊन आल्या तेव्हा त्यांनी झाकणाखालून तुझी चिठ्ठी काढली. दोन ओळी. येत्या रविवारच्या निवड शर्यतीत माझी जागा तुला मिळाली, ही पहिली. ती वाचून मला आनंद झाला. अगदी खरं सांगायचं तर आधी चिठ्ठी पालथी ठेवली आणि मग आनंद झाला. दुसरी ओळ अशी: 'डाव्या जांघेत सकाळी चमक येते, पण दहा मिनिटांत मोकळं होतं, काळजी करू नकोस.' या दुसऱ्या ओळीसाठीच मी लिहायला बसले आहे. पण थेट तिथं जायला धीर होत नाही, म्हणून आधी इथलं सांगते. तुझा फोन शर्यत होईपर्यंत कॅम्पवर किप्तालाम सरांच्या पेटीत आहे हे एका परीनं बरंच. बोलताना मी पुन्हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती.

माझ्या खुब्यात तीन स्क्रू आहेत. ते दुखत नाहीत. गार हवेत मात्र ते आहेत हे कळतं. पहिले सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा होता, भार द्यायचा नव्हता. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, "टाचेखाली अंडं आहे समज. फुटलं तर मला भरून द्यायचं." मी इतकी घाबरून पाय टेकवायचे की आई हसायची, म्हणायची, कोंबडीसुद्धा एवढी जपत नाही. संडासात खाली बसता येत नाही म्हणून आईनं स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एका खुर्चीचं बूड करवतीनं कापलं. आता पाहुणे आले की त्यांना बादली उपडी घालून देते आणि वर सांगते, "खुर्ची आमच्या शिकलेल्या मुलीला लागते." गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून तीन वेळा. आता अकरावा आठवडा चालू आहे आणि माझ्याकडे एकच कुबडी उरली आहे. शाळेत मला पहिला नंबर मिळाला होता तेव्हाही घरात एवढं कौतुक झालं नव्हतं, जेवढं दुसरी कुबडी भिंतीला टेकवली त्या दिवशी झालं.

घरी आले त्या दिवसाचं तुला सांगितलंच नाही. गाडीतून उतरले तर फाटकात आई मुर्सिकचा तुंबा घेऊन उभी, जिंकून आलेल्यांसाठी उभ्या राहतात तशी. तुंब्याला मण्यांची माळ, अंगावर ठेवणीतलं वस्त्र. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन बघत होत्या. एक जण म्हणालीसुद्धा, "अगं, ती जिंकून आलेली नाही, मोडून आलीय!" आई म्हणाली, "परत आली ना? मग पिणार." सगळ्यांसमोर मी कुबड्या काखेत धरून तोंड पुढं केलं आणि आईनं तुंबा लावला. त्या आंबट दुधाची, राखेची चव जिभेवर आली आणि मला आठवलं की वर्षभरात मी दुधाला तोंड लावलं नव्हतं. दर शुक्रवारी वजनाच्या काट्यावर उभं राहायचं म्हणून. तू पण तेव्हाच बंद केलं होतंस. दुष्काळात जन्मलीस म्हणून तुझं नाव जेरुबेत, आणि सर तुझ्या ताटातल्या मक्याच्या उगालीकडं बघून म्हणायचे, "जेरुबेत, नावाला जाग!" सगळ्या हसायच्या. मी सगळ्यांत मोठ्यानं.

सकाळी मी लवकर उठते. उठायचं काही कारण नाही, सवय. कुंपणामागच्या लाल वाटेवरून तुमची रांग जायची तेव्हा मी पडल्या पडल्या पावलं ओळखायचे. पहिल्या दोन आठवड्यांत मुली ओरडायच्या, "जेसांग, ऊठ गं, आळशी!" मग ओरडणं थांबलं, नुसते हात हलायचे. मग हातही थांबले. आणि पाच ऑगस्टपासून वाटच बदलली. तापरांदिच मावशींना विचारलं तर त्या आधी कॅनचं झाकण पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "सर म्हणाले, रोज सकाळी मोडलेली मुलगी दिसली की पोरींचे पाय जड होतात." मी त्यांच्यावर रागावले नाही. मीही त्यांच्यात असते तर मान वळवली असती. पण आता सकाळी कुंपणापलीकडं फक्त मेंढ्या असतात, आणि दिवस किती लांब असतो हे मला पहिल्यांदाच कळतंय. आई शेतात गेली की घरात बोलायला कुणी नाही. मी टॉवेल दाबताना मोठ्यानं आकडे म्हणते, निदान कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

वाट बदलण्याआधीची एक गोष्ट मी लपवली आहे. एक ऑगस्ट, गुरुवार. तुम्ही गेलात तेव्हा रांगेत तिसरी पावलं तुझी होती. उजवं नेहमीसारखं, डावं हलकं. जणू खाली अंडं आहे. मी ते ऐकलं, मला ते कळलं, आणि मी स्वतःला सांगितलं की वाटेवर खडा असेल.

आता रुग्णालयातलं सांगते. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" तू मला ओळखतेस, मी सगळं लिहून ठेवते. मी तारीख सांगितली. चौदा महिन्यांपूर्वीची. आई शेजारीच उभी होती. तिला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं म्हणून मीच तिला आपल्या भाषेत सांगत होते, आणि नेमकं हेच वाक्य मी गाळायला गेले, तर बाई आमच्याच भाषेत बोलायला लागल्या. आईनं बोटं मोजली आणि म्हणाली, "चौदा? मग नातू कुठंय?" बाईंना हसू आलं, मला रडू. मग त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. जेवढी मी धावत होते तेवढं शरीराला अन्न मिळत नव्हतं. म्हणून त्यानं आधी पाळी बंद केली, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा हाडं पोखरायला घेतली. पाळी थांबली तेव्हाच कुणाकडं तरी गेली असतीस, त्या म्हणाल्या, तर कदाचित आज हे स्क्रू नसते. "तुमच्या कॅम्पमध्ये यावर कुणी बोलत नाही का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तेही खोटं होतं. आपण बोलत होतो. मीच तर बोलले होते.

तुला तो ओढ्यावरचा रविवार आठवतो. दुपारची उन्हं, आपण कपडे धूत होतो. तू साबण हातात धरून हळूच म्हणालीस, "तीन महिने झाले, माझी आलीच नाही. कुणी करणी केली की काय?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरात पहिली शिकलेली मी, कॅम्पमधल्या सगळ्यांच्या औषधांवरची अक्षरं वाचून सांगणारी मी. मी म्हणाले, "अगं वेडे, हे चांगलं लक्षण आहे. शरीर धावपटूचं व्हायला लागलं की ती जाते. मी वाचलंय." तू केवढा मोठा श्वास सोडलास! त्यानंतर कॅम्पमध्ये ते वाक्यच होऊन बसलं, 'जेसांगनं वाचलंय.' नव्या मुली एकमेकींना विचारायला लागल्या, "तुझी गेली का?" जशी काही वरच्या वर्गात गेली. आणि ती धाकटी, दातात फट असलेली, माझ्याकडं रडवेली होऊन आली होती, की ताई, माझी अजून येते, मी पुरेशी पळत नाही का? तिला मी म्हणाले, धीर धर.

जेरुबेत, मी ते कुठंच वाचलं नव्हतं. ना पुस्तकात, ना वर्तमानपत्रात. माझी स्वतःची पाच महिन्यांपासून बंद होती, मला फार भीती वाटत होती, आणि ते खरं असावं असं मला वाटत होतं. तुम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवलात तेव्हा माझाही बसला. मीही दुखण्याबद्दल हेच म्हणायचे, दहा मिनिटांत मोकळं होतं. मागच्या पत्रात मी 'पडले' लिहिलं ते यासाठी. आधी मोडलं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कशामुळं?

गेल्या महिन्यात सर एकदा येऊन गेले. बादलीवर बसले, चहा घेतला. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. सप्टेंबरपासून कॅम्पवर ये, वजनं आणि वेळा लिहायचं काम तुझं. तुझी खाट तुला परत मिळेल." ते गेल्यावर मी त्या खाटेचाच विचार करत राहिले. तुमच्या चौदा जणींच्या श्वासांत झोपायचं, सकाळी कुणीतरी पाय ओढून उठवायचं. इतके दिवस मी गप्प राहिले ती त्या खाटेसाठी. आता मी जे करणार आहे त्यानंतर सर मला फाटकातून आत घेणार नाहीत, हे मला माहीत आहे. मुलींचंही सांगता येत नाही. ज्यांना मी फसवलं त्यांनी मला जवळ का करावं?

हे पत्र उद्या सकाळी मावशींबरोबर येईल. ते हातात पडल्यापासून तू एक पाऊलही धावायचं नाहीस. पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण. एवढं एक खोटं माझ्या नावावर घाल. रविवारची शर्यत माझी होती आणि ती मी तुला देते आहे असं समजू नकोस. मी ती तुझ्याकडून काढून घेते आहे, आणि त्यासाठी तू मला हवं ते बोल. डॉक्टरीणबाईंना आईच्या फोनवरून सांगून ठेवलं आहे, परवा दुपारी त्या एल्डोरेतच्या रुग्णालयात तुझा खुबा तपासतील. आई आपल्याबरोबर येणार आहे, तुझ्यासाठी तुंबा भरून. त्याआधी, तुम्ही सगळ्या वजनासाठी ओळीत उभ्या राहाल तेव्हा, मी बाजाराच्या गाडीनं येऊन त्या काट्याशेजारी उभी राहणार आहे, एका कुबडीवर, आणि सरांसमोर सगळ्यांना सांगणार आहे की जेसांगनं काहीही वाचलेलं नव्हतं. परवा सकाळी सात वाजता, शुक्रवार, तेवीस ऑगस्ट.

तुझीच,
जेसांग