छिलका तुटला नाही

बुऱ्हाणपूर,
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चि. गजूस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या वर्कशॉपातल्या भाईदासच्या हातून हे नेपानगरला पाठवते. तब्येतीला जप. सासुरवाडीचं तिखट तुला सोसत नाही. इतवाऱ्यातलं तुझं वर्कशॉप बंद आहे. खंडेनवमीला लेथला घातलेला हार तसाच वाळलाय.

अक्षय बरा आहे. बरा म्हणजे, ताप उतरलाय. डाव्या हातानं चमचा धरतो. काल म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. तुझ्या सभेत मूठ वर करायला एक हात पुरतो." मी हसले. मग पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

यंत्रमाग कामगारांच्या सभांत मी मालकांची नावं घेऊन बोलले. शब्द कधी कमी पडले नाहीत. आज पडताहेत.

लेथचं जे काही कळतं ते तूच शिकवलंस. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ, त्याचा चुरा पडतो. पंपाच्या शाफ्टचं हे स्टील चिवट. त्याचा छिलका म्हणजे लांबच लांब फीत, पात्यासारखी धारदार. म्हणून टूलच्या धारेमागे खाच घासायची. छिलका तिच्यात वळतो आणि तुकडे होऊन पडतो. खाच झिजली की मशीन बंद. "ताई, याच्याशी पंगा नाही," तूच म्हणायचास.

त्या दिवशी भाईदास शेजारच्या मशीनवर होता, त्यानंच मला सगळं सांगितलं. अक्षयनं विचारलं, "मामा, छिलका तुटेना. बंद करून टूल घासू का?"

तू म्हणालास, "हा एक निपटव रे, मग घास. गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं आहे."

शाफ्ट पकडून फिरणाऱ्या चकभोवती फीत गुंडाळत गेली. ती काढायला अक्षयनं लोखंडी आकडा पुढे केला, आणि फितीनं त्याचं मनगटच आत ओढलं.

इन्स्पेक्टरला तू लिहून दिलंस, 'पोरानं आपण होऊन चालू मशीनीत हात घातला.'

आपण होऊन, गजू?

अक्षय म्हणतो, "मामावर बोलू नको. गमछा बांधून त्यानंच मला दवाखान्यात पळवत नेलं." खरं आहे. रक्तानं भिजलेला तुझा शर्ट मी पाहिलाय. भिंतीला डोकं टेकून तू रडलास, तेही पाहिलंय. म्हणून तर तुझ्या त्या एका ओळीनं जीव तुटतो.

दुसऱ्या मालकानं हेच लिहिलं असतं तर मी त्याच्या दारात माणसं जमवली असती. भाऊ आहेस म्हणून गप्प बसले, तर आजवर ज्यांच्यासाठी बोलले त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं बघू?

सोमवारी इन्स्पेक्टरपुढे जबाब आहेत. आधी तू बोल. खरं सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. शिक्षा झाली, तर जिथे असशील तिथे भाऊबीजेचं ताट घेऊन येईन.

नाही बोललास, तर मी बोलेन. सगळं बोलेन. आणि त्या दिवशी माझ्या पोराचा हात गेला तसा भाऊही गेला, असं समजेन.

सोमवारपर्यंत तुझी ताईच,
अक्षयची आई,
उषा