तपकिरी पट्टीतला आवाज

आई, परवा एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या इमारतीत तुझा आवाज ऐकायला गेले होते, आणि आधी तो आलाच नाही.

बाबांच्या कारखान्यातल्या एका निवृत्त साहेबांचा फोन आला होता. हावड्याची प्रशिक्षणाची खोली रिकामी करताना फिल्मचा एक डबा सापडला, भट्टीजवळ काम करताना घ्यायच्या काळजीवरचा, आणि त्यात निवेदन तुझं आहे, म्हणाले. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आला तो तू गेल्यानंतर, त्यामुळे तुझा आवाज कुठेच उरलेला नाही असं मी धरून चालले होते. फोन ठेवला आणि एकदम बालीगंजचं स्वयंपाकघर आठवलं. तू ओट्याशी उभी आहेस, टाइप केलेला कागद डाळीच्या डब्याला टेकवलेला, आणि पोळी लाटता लाटता तू हिंदीत सांगते आहेस की चष्मा लावल्याशिवाय भट्टीचं दार उघडू नका. ठरलेला निवेदक आजारी पडलाय आणि राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेलं बाबांच्या ओळखीत दुसरं कोणी नाही. मी मधे काहीतरी विचारते. तू लाटणं न थांबवता म्हणतेस, “आता नाही. वाक्य तुटतं.” त्यानंतर दोनच वर्षांनी तू गेलीस.

त्या इमारतीत जुन्या फिल्म दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, इंजिनिअर, माझ्या लेकीच्या वयाची. तिने फिल्म नव्या यंत्रावर चढवली. चित्र छान आलं, रंगसुद्धा टिकलेत. भट्टी दिसली, चष्मे लावलेली माणसं दिसली. आवाजाच्या जागी मात्र नुसती खरखर, आणि तिच्यामागे भिंतीपलीकडे कोणी पुटपुटावं तसं काहीतरी. फिल्म वाया गेली का, असं मी विचारलं. इतक्यात तसं म्हणू नका, म्हणाली, आणि यंत्र थांबवून तिने माझ्या हातात भिंग दिलं. फिल्मच्या कडेला एक बारीक तपकिरी पट्टी होती, तिची कड लाटेसारखी वरखाली होणारी. तोच तुझा आवाज. त्या पट्टीतून प्रकाश सोडतात, लाट रुंद झाली की प्रकाश कमी जातो, अरुंद झाली की जास्त, आणि त्या कमीजास्तीचा पुन्हा आवाज होतो. इतक्या वर्षांत कितीतरी सिनेमे पाहिले, पण हे मला ठाऊकच नव्हतं. मग मी विचारतच सुटले. नव्या यंत्रात लाल दिवा असतो, कारण नव्या फिल्मची पट्टी त्याच्यासाठीच बनवलेली असते. जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्मच्या पट्टीत चांदी असते, ती कुठलाही प्रकाश अडवते, म्हणून तिलाही लाल दिवा चालतो. पण तुझी फिल्म रंगीत, तिची पट्टी वेगळ्या रसायनाने तपकिरी केलेली, आणि लाल प्रकाश तिच्यातून काही नसल्यासारखा आरपार जातो.

“म्हणजे आवाज आहे, पण यंत्राला दिसत नाही?”

“पट्टी शाबूत आहे,” ती म्हणाली. “दिवा चुकीचा आहे.”

तिने लाल दिवा काढून पांढरा बसवला, तेव्हा पुटपुटणं जरा जवळ आलं. मग निळसर दिवा लावला, कारण तपकिरी पट्टी निळा प्रकाश सगळ्यात चांगला अडवते. आवाज बराच वाढवावा लागला, बरोबर खरखरही वाढली, आणि तिच्यातून एक बाई स्वच्छ हिंदीत बोलू लागली. चढा, तरुण, ठाम आवाज. मुलीने माझ्याकडे पाहून बंगालीत विचारलं, “आपनार मा?” तुमची आई? मी हो म्हणून मान हलवली.

फिल्म पुढे गेली आणि ती बाई म्हणाली, “हाथ जळ जाए तो.” जल नाही, जळ. मुलीच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र हसत सुटले. शाळेत बंगाली, गल्लीत हिंदी, त्यामुळे मी घरी फला आणि केला म्हणायचे, आणि तू मला ओट्याशी उभं करून फळा, केळं, कावळा म्हणायला लावायचीस. जीभ मागे ने, घाई करू नकोस, म्हणायचीस. तो ळ तुझ्याच तोंडून तिकडे हिंदीत निसटला. तुझ्या लक्षात आला होता का गं? पुन्हा म्हणा, असं कोणी सांगितलं नाही का, की त्या खोलीत ळ ऐकू येणारं कोणी नव्हतंच? आणि ही फिल्म तुला कधी दाखवली तरी होती का? बाबांना हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आता तो आवाज माझ्या फोनमध्ये आहे. काल दुपारी भाजी निवडताना लावला होता. भट्टीच्या सूचना मला आता पाठ होतील.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तो ळ येईपर्यंत मला तू ओळखू आली नव्हतीस. हो म्हणून मान मात्र मी आधीच हलवली होती.