पांढरी चिंधी

मंगळवार, न्यूनेन

सकाळपासून लिहायचं टाळतोय, कारण जळफळाट कागदावर उतरेल. घरमालक यानआजोबांची शिकारीची लिव्हरवाली रायफल महिनाभर त्यांच्यासमोर बसून मीच साफ करतोय. नळीतली काजळी पुसायला चिंधी लावलेला गज नळीच्या पुढच्या तोंडातूनच घालायचा, तोंडाची कडा घासू नये म्हणून अंगठ्याचा आधार द्यायचा, सगळं शिकलो. आज गज त्यांनी सायलीला दिला, खालच्या खोलीतल्या नव्या भाडेकरूला.

तिची चिंधी पांढरीच बाहेर आली.

"बघ रे, एका फटक्यात," मला म्हणाली.

अगं, काळ्या चिंध्या सगळ्या मी काढल्या होत्या. पण आजोबांनी पाहिली ती तिची पांढरी. मला कंटाळले का? शनिवारी मीच काम अर्धवट टाकून सायकलवर भटकायला गेलो, ते...

दार वाजलं. गुडघ्यामुळे कधीच जिना न चढणारे आजोबा दारात उभे आहेत, हातात गज आणि कोरी चिंधी.