साडेदहाचा उपग्रह

३ नोव्हेंबर, सोमवार
नवनगरच्या घरी आलो एकदाचे! वरचा मजला, मोकळी गच्ची, चहूकडे आभाळ. चाळीस वर्षं हुबळीत पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड केल्या. दुकान विकलं, आता अंग टाकायचं. कान मात्र शाबूत आहेत. पंप नुसता सुरू केला की बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, ते ऐकून सांगतो. सहा वर्षांपूर्वी बायकोच्या, भागीरथीच्या, हृदयात धातूची झडप बसवली. तिची टिकटिक मला पलीकडच्या खोलीतूनही ऐकू येते. बाईसाहेब म्हणाल्या, या घराला घड्याळ नको, मी आहे.

५ नोव्हेंबर
खाली गुरुराज राहतो, निवृत्त फिजिक्स मास्तर. रिकामे बसाल तर गंजाल अण्णा, म्हणत त्याने छंद गळ्यात बांधला. लॅपटॉपला अंगठ्याएवढं, रेडिओलहरी पकडणारं डोंगल, गच्चीवर अॅल्युमिनियमच्या दोन काठ्यांचा अँटेना, की डोक्यावरून जाणारे उपग्रह ऐकू येतात. रोज सकाळी साडेदहाला एक मेलेला उपग्रह जातो. बॅटरी कधीच संपलीय, पण सोलर पॅनलवर ऊन पडलं की आपला बोलतो. ऐकला. खरखरीच्या तळाशी बारीक ठोके.

८ नोव्हेंबर
पुसट आवाज मला सोसवत नाही, धंद्याची खोड. दुकानातल्या उरलेल्या तांब्याच्या तारेचा मोठा अँटेना काठीवर बांधला. ठोके स्वच्छ आले. गुरुराज म्हणाला, अण्णा, मला मास्तर म्हणू नका आता! तेवढ्यात वाळवण घेऊन आलेली भागीरथी जिन्यातच बसली. चक्कर. उपग्रह गेला तशी उठली.

१० नोव्हेंबर
दर चौथा ठोका किंचित अडखळतो. हे अडखळणं मी सहा वर्षं उशाशी ऐकलंय.
अँटेनाची लांब वायर ओढत लॅपटॉप घेऊन खाली धावलो, तिच्या छातीला कान लावला. छातीत शांत. ठोके लॅपटॉपमधून येत होते. ती डाळ निवडत होती, हात संथ. म्हणाली, अहो, कामवाली पद्मा भांडी घासतेय, काय हे या वयात!
दहा-बेचाळीसला उपग्रह मावळला. टिकटिक छातीत परत आली.

११ नोव्हेंबर
अँटेना काढून टाकला. साडेदहाला ती कोसळली. श्वास नाही. तार पुन्हा जोडली. लॅपटॉपमधून ठोका आला आणि तिने डोळे उघडले. मीच त्या मोठ्या अँटेनाने तिचे ठोके ओढून घेतलेत. आता साडेदहाला माझ्या तारेशिवाय ते कुठेच नाहीत.
गुरुराज म्हणतो, बिडरी अण्णा, योगायोग. डॉक्टर म्हणतात, झडप उत्तम.

१४ नोव्हेंबर
उपग्रह मावळल्यावर टिकटिक परतायला काल दहा सेकंद. आज चाळीस. तेवढा वेळ ती नसते.
थकलो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

१६ नोव्हेंबर
दोन मिनिटं दहा सेकंद.
तिला सगळं सांगितलं. तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, मलाही दमल्यासारखं झालंय हो.

१७ नोव्हेंबर
दहा-चाळीस. गच्चीत ती शेजारी खुर्चीवर. उजव्या हाताने अँटेना उंच धरलाय, डाव्याने लिहितोय. उपग्रह दक्षिणेला कलघटगीकडे उतरतोय — ठोके पुसट — काठी फिरवतोय, अजून सापडतात —
भागी म्हणते, अहो, हात दुखेल, ठेवा आता —
नाही ठेवणार. एक — आला. एक —
ती हसतेय. एक —
थांब, थोडं डावीकडे —