शेवटची ओ

कोलाम पोड, ता. केळापूर
८ डिसेंबर २०२४

चि. दीपास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इथे कोलामांच्या या पोडावर, जंगलातल्या वस्तीत, रेंज नाही, म्हणून ही चिठ्ठी जीवनच्या टेम्पोतून पाठवते. तुरीच्या शेंगा यंदा छान भरल्यात. पांढरकवड्याच्या बाजारात तू गिऱ्हाईक धरून ठेवतेस, म्हणून पोडावरच्या बाया दर आठवड्याला डोक्यावर टोपल्या घेऊन जंगलातून सडकेवरच्या टेम्पोच्या थांब्यापर्यंत जातात. कोणी मागे राहू नये म्हणून पुढची हाक देते, शेवटची ओ देते.

शेवटी नेहमी जमनी असायची. दिवाळीआधी तिला वाघाने नेलं. आता शेवटी कोणी चालत नाही, म्हणून मी चालते. पुढे तिची आई रामीबाई. ती अजून जमनीच्याच नावाने हाक मारते आणि मी ओ देते. काय करू? ओ आली नाही तर म्हातारी पाऊल उचलत नाही.

माया राहू दे.
तुझी ताई सत्यशीला

पांढरकवडा
१५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

अंगणवाडी चालवायला गेलीस की वाघाच्या तोंडात जायला? वाचून रात्रभर डोळा लागला नाही. पण बातमी चांगली आहे. डोंगरामागच्या वाटेवर मुरूम पडला, पुढच्या बाजारापासून जीवन टेम्पो थेट पोडावर आणेल. जंगलातून चालणं संपलं, आणि तुझी ओसुद्धा. मला बहीण एकच आहे.

रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझी दीपा

कोलाम पोड
२३ डिसेंबर २०२४

चि. दीपास,
सप्रेम जयभीम.

टेम्पो आला. पोरं चाकांमागे नाचली, टोपल्या चढल्या. रामीबाई मात्र चढेना. म्हणाली, मी गाडीत बसली तं माह्या पोरीले हाक कोन देईन? टोपली उचलून ती जंगलात शिरलीसुद्धा.

मी मागून धावले. ती वळणापलीकडे होती. तिने हाक मारली, पण मला इतकी धाप लागली होती की तोंडातून आवाज निघेना.

ओ आली. माझ्या मागून.

मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. रामीबाई चालत राहिली. सडकेवर पोचल्यावर तिने मला पाहिलं आणि नवलाने विचारलं, तू कवा आली वं?

जीवनला सांग, सडकेवरच्या जुन्या थांब्यावरही थांबत जा. पुढच्या बाजाराला मी रामीबाईसोबत जाणार आहे, तिच्या अगदी जवळून. शेवटची जागा आता माझी नाही.

मला वेडी म्हण, पण लिहीत राहा.
तुझी ताई